शुक्रवारी तबकडी लावायची नाही

रविवार, १३ नोव्हेंबर १९९४

चुडामण आला! मला वाटलं होतं, आज येणार नाही. परवा विणकर मजुरांच्या बैठकीत मी मागमालक म्हणून त्याचं नाव घेऊन बोललो — या सेठच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय, म्हणून त्याने मजुरी कापली तर गप्प बसू काय? सगळे हसले. त्याच्यापर्यंत ते नक्की पोचलं असणार. आणि आज संध्याकाळी गडी दारात हजर. हातात मावा-जिलेबीचा पुडा.

दिगंबर म्हणाला, "या सेठ! शत्रुपक्ष आला."

"रविवारी धंदा नाई, राजकारण नाई. ठरलंय ना?" चुडामण चपला काढत म्हणाला. "लाव तबकडी."

ठरलंय खरं. नियम दिगंबरने केलेले, आम्ही तिघं विशीत होतो तेव्हा. रविवारी भांडायचं नाही. तबकड्या माझ्याकडे राहतील, कारण माझ्या घरात पोरं नाहीत. आणि शुक्रवारी लावायची नाही. शुक्रवारी तबकड्यांचं मशीन पिसाळतं. सुरुवातीला दोनदा अनुभव घेतला, मग कधी हातच लावला नाही. मी ग्रहण न मानणारा, नवस न मानणारा, भर चौकात बुवाबाजीवर तुटून पडणारा माणूस — पण हा एक नियम मुकाट पाळतो. उषा टोचते. "तुमचा शुक्रवार आणि माझा सोमवार, फरक काय हो?"

दोनच तबकड्या. दिगंबरचा मावसभाऊ अरविंद जहाजावर होता, त्याने विलायतेहून आणलेल्या. एकीच्या वेष्टनावर अरुंद सूट घातलेली चार पोरं, म्हणून ते 'सूटवाले'. त्यांच्या नादाने दिगंबरने लॅम्ब्रेटा स्कूटरला दोन्ही बाजूंनी आरसेच आरसे लावले होते! इतवारा मोहल्ल्यात लोक विचारायचे, "क्यों भैया, चलता-फिरता सैलून खोला क्या?" तिघं तिच्यावर बसून असीरगढ़ला गेलो होतो. चढावर दोघांना उतरून ढकलावी लागली.

दुसरीला वेष्टन नाही. मधला कागदही कुणीतरी खरवडलेला. बँडचं नाव आजपर्यंत माहीत नाही. पहिल्या गाण्याआधी गाणारा खोकतो, म्हणून तो आमचा खोकल्या. सूटवाल्यांना तिकडे मॉड म्हणतात आणि खोकल्याच्या जातीला पंक, हे मला वाचनालयाच्या रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकातून कळलं. बेकार पोरं, फाटके शर्ट, सेफ्टी पिना. मला तेवढं पुरलं.

खोकल्याचा आवाज! खोल, घोगरा, संथ. भरलेली मोट वर यावी तसा एकेक शब्द येतो. आणि तो 'नाही' म्हणतो. गाणंभर फक्त नो, नो, नो. आमच्या गाण्यांत कुणी नाही म्हणत नाही. देवाला हो, प्रेयसीला हो, नशिबाला हो. मी तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं की 'नाही' गातासुद्धा येतं.

आजही दोन्ही बाजू ऐकल्या. बल्ब नेहमीसारखा लिंबासारखा पिवळा. चुडामण जाताना एवढंच म्हणाला, "संप करू नको, परभ्या."

आज रविवार होता. मी मशीनवर कपडा टाकला.

घसा बसलेलाच आहे.


मंगळवार, १५ नोव्हेंबर

उषाने ओढत जळगावला नेलं. डॉक्टरने आरसा घालून घशात पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ. "बोलणं बंद. अगदी बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि ऑपरेशन लवकर."

मी म्हणालो, पुढच्या महिन्यात.

"तुमचा धंदा काय?"

"वाचनालयात आहे."

"मग बरं. तिथे तसंही शांत बसायचं असतं."

उषा माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोललो नव्हतो!


शुक्रवार, १८ नोव्हेंबर

शनवारा चौकात सभा. शुक्रवारी जुम्म्यामुळे यंत्रमाग बंद असतात, म्हणून सगळं गाव येऊ शकतं. गच्च चौक. पानवाल्यांच्या छपरांवरसुद्धा माणसं.

मी बोललो. उषाला शब्द दिला होता, पण बोललो. म्हणे देश आता जगाशी जोडला जातो आहे. चांगलं आहे! सूत परदेशी चाललं, म्हणून इथे महाग झालं. महाग झालं, म्हणून मालकाचा नफा घटला. नफा घटला, म्हणून बुनकराची मजुरी कापली. म्हणजे जगाशी जोडणाऱ्या दोरीचं एक टोक लंडनच्या दुकानात आहे आणि दुसरं तुमच्या गळ्यात! "क्या आप ये मंज़ूर करेंगे?" आणि मग मी ते केलं, जे मी नेहमी करतो. थांबलो. छातीच्या तळातून एकच शब्द वर ओढला, लांब, सावकाश, शेवटी फुटू दिला. "नहीं."

चौकाने तो उचलला.

सोमवारपासून माग बंद.

उतरल्यावर लोटू भेटला. दापोऱ्याचा, बारीक अंगाचा, युनियनची सगळी धावपळ तोच करतो. म्हणाला, "भाऊ, तुमचं ते नहीं ऐकलं का अंगावर काटा येते. कुठी शिकले?"

कसं सांगू, की तो आवाज माझा नाही. विलायतेच्या एका फाटक्या शर्टाच्या पोराचा आहे. मी कॉलेजात वादविवाद स्पर्धेत हरणारा, चिरक्या गळ्याचा पोरगा होतो. खोकल्याला ऐकत ऐकत, त्याच्याबरोबर म्हणत म्हणत हा गळा घडला.

रात्री थुंकीत रक्त. उषाला दाखवलं नाही.


सोमवार, २१ नोव्हेंबर

बंद! एकूण एक माग बंद. लोटू सांगत आला, लोहारमंडीत म्हणे चिमण्या ऐकू येतात.

आमचं घर राजघाटाकडे. इथवर मागांचा आवाज येत नाही. उषा मात्र संध्याकाळी बल्ब लावून बघतच राहिली. "अगोबाई, पांढरा! तोही सोमवारी." पंखाही असा फिरला की कॅलेंडर भिंतीवरून उडालं. सगळ्या गावची वीज माग ओढतात. आम्हाला मिळते ती उरलेली.


रविवार, २७ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

संपाच्या पहिल्या रविवारी चुडामण येईल का, असं दिगंबरने विचारलं होतं. आला. बसला. दिगंबरने तबकडी लावली.

खोकला आला. पण तो खोकला लहान पोराचा! मग गाणं. भरभर, वरच्या पट्टीत, उड्या मारत. कुणीतरी शेपटीला डबा बांधलेलं मांजर सोडावं तसं.

दिगंबर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने मशीन उघडलं, पट्टा काढला, नवा घातला, तेल दिलं. पुन्हा तेच. "मशीन तं एकदम ठीक आहे यार."

उषा चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "शुक्रवारसारखी वाजते आहे. पण आज तर रविवार ना?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग वर बल्बाकडे. पांढराशुभ्र.

शुक्रवारी माग बंद असतात. शुक्रवारी वीज पूर्ण येते. शुक्रवारी मशीन पिसाळत नव्हतं — शुक्रवारी ते बरोबर फिरत होतं! बाकीचे सहा दिवस धापा टाकत होतं. आम्ही वर्षानुवर्षं खोकल्याला ओढत, घसटत, अर्धपोटी ऐकत आलो. खरा खोकल्या हा आहे. विशीतला, पातळ आवाजाचा, आनंदी. त्याच्या 'नाही'त दुःख नाही. त्याला मजा येते आहे!

आणि मी? मी ज्याची नक्कल करून गळा घडवला, तो माणूस जन्मलाच नाही.

दिगंबर म्हणाला, "असू दे ना. असा बी चांगला आहे." पण त्याचा चेहरा पडला होता.

चुडामण आधी हसला. मग एकदम गंभीर झाला. "म्हणजे आपण ऐकत होतो तो खोकल्या... त्याले महे माग गायले लावत होते?"

"तुझे एकट्याचे नाहीत," मी म्हणालो.

"महे बी. म्हणजे तो विलायतेचा नाईच परभ्या, तो आपल्या बऱ्हाणपूरचा!" उठला, चपला घातल्या, दारातून वळून म्हणाला, "माग चालू कर. तुझा खोकल्या परत येईल."

नियम मोडला त्याने. रविवारी धंदा बोलला! मी ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. घशातून फक्त फाटका कागद निघाला.


सोमवार, २८ नोव्हेंबर

चुडामणचं वाक्य डोक्यातून जात नाही. मूर्खपणा आहे. हजारो चुली एका बाजूला, एक तबकडी दुसऱ्या बाजूला. तोलायचा प्रश्नच नाही.

तरी दिवसभर तोलत होतो.


गुरुवार, १ डिसेंबर

मालकांनी निरोप पाठवला — कापलेल्यातलं थोडं परत देऊ, सोमवारपासून कामावर या. लोकांत चलबिचल. लोटू धावत आला. "भाऊ, आज तुम्ही बोला, नाई तं गेलं सगळं."

गेलो. उषा दारात आडवी उभी राहिली होती, तिला बाजूला केलं. चढलो. "साथियो —" म्हणालो, आणि पुढे काही नाही. हवा. तोंड उघडं, हात वर, आणि घशातून नुसती हवा. जोर लावला. तोंडात रक्ताची चव आली.

लोकांना वाटलं, मी रडतो आहे. पुढच्या रांगेतले म्हातारे बुनकर रडायला लागले. कुणीतरी घोषणा दिली, चौक पेटला, मालकांचा निरोप फेटाळला गेला. माझं आजवरचं सगळ्यात गाजलेलं भाषण! एका शब्दाचं.

असं दुसऱ्यांदा होणार नाही. मला ठाऊक आहे.


सोमवार, ५ डिसेंबर. जळगाव

उद्या ऑपरेशन. डॉक्टर रागावला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाला, गाठ पसरली, आता स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला भोक राहील. श्वास तिथून. "माणूस राहील, हे बघा."

दुपारी उषा खाटेजवळ बसली. "आता थोडं निघतंय तोवर माझ्याशी काहीतरी बोला." घोगरं, तुटकं का होईना, येत होतं. मी इतकी वर्षं गावाशी बोललो. चौकाला काय सांगायचं ते मला कधी शोधावं लागलं नाही. तिच्यासाठी शोधत राहिलो. शेवटी म्हणालो, "प्लेयरवर कपडा टाकलास का? धूळ बसेल."

ती हसली. मग तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

ते माझं शेवटचं वाक्य ठरलं तर!


गुरुवार, ८ डिसेंबर

ठरलं.


शनिवार, १७ डिसेंबर

घरी. गळ्याला नळी. खोकलो तर आवाज गळ्यातून येतो, शिट्टीसारखा. खोकल्या!

बल्ब पांढरा आहे. आल्या आल्या आधी तेच पाहिलं. संप टिकला आहे.

संध्याकाळी चुडामण आला. केळी घेऊन, दापोऱ्याच्या त्याच्या मळ्यातली. उषाने दार उघडलं पण वाट सोडेना. तो म्हणाला, "वहिनी, भांडायले नाई आलो. ह्याले कुस्करून द्या दुधात. दुसरं काही गिळवणार नाई."

माझ्याजवळ बराच वेळ बसला. माझ्या गळ्याकडे बघायचं टाळत होता. मग भिंतीशी बोलल्यासारखा बोलला. "मले वाटलं होतं, तू गप्प झाला का बरं वाटेल. नाई वाटत. शिव्या द्यायले बी कोणी नाई राहिलं." थोड्या वेळाने, "तुह्यानंतर एक सभा जमली नाई, परभ्या. तीन जणं बोलले, लोक उठून गेले. पोरं सुरतला चालले. किती दिवस टिकतील? महे बी माग गंजून राहिले. मी काय खुशीत आहे काय?"

मी पाटीवर लिहिलं: पूर्ण मजुरी दे.

त्याने वाचलं. पाटी खाली ठेवली. "मी एकटा देऊ शकत नाई. दिली तं बाकीचे मले जगू देणार नाई." तो खरं बोलत होता. हेच तर मी चौकात सांगत आलो! पण पाटीवर भाषण मावत नाही.


सोमवार, १९ डिसेंबर

लोटू आणि दिगंबर आले. लोटूचे डोळे खोल गेलेत. म्हणाला, बुधवारी शेवटची सभा. हात वर करून ठरणार, राहायचं का जायचं. "भाऊ, तुमचा आवाज पायजे. कसा बी."

दिगंबर म्हणाला, "आहे ना. माझ्याकडे आहे."

त्याने दोन वर्षांपूर्वीचं माझं भाषण जुन्या स्पूलच्या टेपवर भरून ठेवलं होतं! दुकानासमोर सभा होती, त्याने खिडकीत यंत्र ठेवलं. मला कधी सांगितलं नाही. "म्हटलं, तू मंत्री झाला का कामी येईल."

मागणी तीच, मालक तेच. ते भाषण आजही जसंच्या तसं लागू आहे. दोन वर्षांत काहीच हललं नाही, ही गोष्ट पहिल्यांदा उपयोगी पडणार!

दिगंबरने विचारलं, इथे लावून ऐकायचं का आधी? मी मान हलवली. नको. माझ्याच्याने ऐकवणार नाही. लोकांबरोबरच ऐकेन.


बुधवार, २१ डिसेंबर

चौक भरला होता. संपाच्या पहिल्या दिवसाइतका नाही, पण भरला. मला खुर्चीवर बसवलं. गळ्याला मफलर. माणसं पाया पडून जात होती, मला ते आवडत नाही, पण नको म्हणायला तोंड नव्हतं.

दिगंबरने पानाच्या दुकानातून विजेची वायर घेतली, भोंगा जोडला. लोटूने माइकवर सांगितलं, "परभाकर भाई बोलेंगे." सगळं शांत. म्हातारे पुढे सरकले.

टेप सुरू झाली.

"साथियो!" — आणि तो मी नव्हतो. चिरका, भरभर, नाकातून. पोपट! एखाद्या तमाशातला सोंगाड्या. माझी वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडत धावत होती. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, ये तो मिट्ठू बोल रहा है!" हसू फुटलं. लोकांनी दाबलं, माझ्याकडे बघून तोंडावर हात धरले. पण उपाशी माणसाला हसू आवरत नाही. मग ते माझं 'नहीं' आलं. लांब, छातीच्या तळातलं. मांजराचं शेपूट दारात सापडावं तसं वाजलं. सगळा चौक हसला. लोटूसुद्धा. हसता हसता रडत होता.

दिगंबरने वायर उपटली. कोसळल्यासारखा खाली बसला. "माझ्या डोक्यातच नाई आलं यार... टेप भरली तवा माग चालू होते."

मंद विजेवर भरलेली टेप पूर्ण विजेवर वाजली. एवढंच. आम्ही माग बंद पाडले नसते, तर माझा आवाज नीट लागला असता!

हात वर करून काही ठरलंच नाही. लोक घरी गेले. चिडून गेले असते तर चाललं असतं. मला दया दाखवत गेले.

खरं म्हणजे टेपवरचा तो आवाज मी ओळखला. कॉलेजात वादविवादात हरायचा, तोच पोरगा.


गुरुवार, २२ डिसेंबर

कुणी आलं नाही.


शनिवार, २४ डिसेंबर

आजही नाही. दिगंबरच्या दुकानाला कुलूप आहे, असं उषा म्हणाली. लोटू काल दारावरून गेला, मान खाली. मी खिडकीवर टकटक केली. त्याला ऐकू आलं नसेल.


रविवार, २५ डिसेंबर

रविवार, म्हणून प्लेयरवरचा कपडा काढला. दिगंबर नाही, चुडामण नाही. उषा बल्ब लावून स्वयंपाकघरात गेली. म्हटलं, त्या पातळ आवाजाच्या पोराशीच ओळख करून घेऊ. खरा तोच आहे.

खोकला आला. खोल. जड. जुना!

मग ते 'नाही'. लांब, घोगरं, भरलेली मोट वर यावी तसं. माझा आवाज. माझा गेलेला आवाज खोलीभर. उषा हातातला झारा तसाच घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. किती दिवसांनी इतकं सुख झालं!

सुई उचलायला उठलो, तेव्हा वर लक्ष गेलं. बल्ब लिंबासारखा पिवळा.

गावातले सगळे माग चालू होते.

उषानेही वर पाहिलं. मी सुई उचलली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.